रविवारी चार वाजले की उजवा डोळा धूसर: खेळाडूंच्या रंगीत लेन्सची एक चिवट तक्रार

तक्रार आधी सांगतो. अंबर रंगाच्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून मैदानात उतरायचं. पहिले दोन तास बॉल असा दिसतो की शिवणीचे टाके मोजावेत. मग चारच्या सुमाराला उजव्या डोळ्यात धूसर व्हायला लागतं. बॉलला एक पुसट सावली चिकटते, स्टंपच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. डोळे चोळले, पाणी मारलं, काही उपयोग नाही. सोमवारी सकाळी चष्मा लावून कामावर गेलं की सगळं लख्ख. पुढच्या रविवारी चारला परत तेच.

मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघतो आणि रविवारी नेमिनाथनगरच्या मैदानावर किपिंग करतो. या तक्रारीमागे मी जवळजवळ अख्खा सीझन घालवला, तीनदा चुकीच्या गोष्टीला दोष दिला, आणि एका प्रयोगात तर दोन सोपे कॅच सोडून टीमच्या शिव्या खाल्ल्या. ते सगळं लिहून ठेवतोय, कारण हीच रड आता आमच्या ओळखीतली इतर पोरंही घेऊन येतात.

पण एक गोष्ट आधी. तुमचा डोळा लाल झाला असेल, दुखत असेल, उजेडाकडे बघवत नसेल, किंवा लेन्स काढल्यावर चष्म्यानंही नीट दिसत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतुसंसर्ग असला तर त्यांना त्यातून नमुना घेता येतो. माझी तक्रार तशी नव्हती. दुखत काहीच नव्हतं, फक्त दिसत नव्हतं.

ज्यांनी ही लेन्स बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं. फॅशनच्या निळ्या-हिरव्या लेन्समध्ये रंग बुबुळासमोर असतो आणि मध्ये बाहुलीपुरती जागा मोकळी सोडलेली असते. खेळाच्या लेन्समध्ये उलट. रंग मधोमध, थेट बाहुलीसमोर असतो, म्हणजे जे बघाल ते रंगातून गाळूनच. नायकी आणि बॉश अँड लोम्ब यांनी २००५ मध्ये मॅक्ससाइट नावानं अशा लेन्स बाजारात आणल्या होत्या, दोन रंगांत. बॉलच्या खेळांसाठी अंबर. गोल्फ, पळणं वगैरेंसाठी राखाडी-हिरवी. त्या पुढे बंद झाल्या. मला साध्या मऊ लेन्सवर मागणीप्रमाणे, ऑर्डर देऊन रंग चढवून घ्यावा लागला. लावल्यावर डोळे तांबूस दिसतात. पहिल्या दिवशी आमच्या कॅप्टननं बघितलं आणि म्हणाला, "काय ओ, रात्री झोपला न्हाय काय?" तेव्हापासून टीममध्ये माझं नाव वेताळ.

अंबर रंगाचं काम साधं आहे. तो निळा प्रकाश अडवतो. हवेच्या कणांवरून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट जास्त विखुरतो, म्हणून तर आकाश निळं. तोच विखुरलेला प्रकाश लांबच्या वस्तूवर पातळ पडद्यासारखा पसरतो. तो काढून टाकला की आकाश गडद होतं, पांढरा बॉल त्यावर उठून दिसतो, लाल बॉलही हिरवळीवरून वेगळा निघतो. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. फक्त त्याबरोबर एकूण उजेडही कमी होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यातच आहे.

माझा पहिला संशय रंगावरच. वाटलं, रंग घामानं उतरत असणार. लहान पोरासारखं लेन्स पांढऱ्या कागदावर धरून बघितली, रंग होता तसाच. मग वाटलं उलटी लावली असेल. बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघायचं. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर सुलटी, बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. सुलटीच होती. तसंही उलटी लेन्स पहिल्या पाच मिनिटांत खुपायला लागते, चारची वाट बघत नाही.

मग संशय कोरडेपणावर. हा तर सगळ्यांचा लाडका आरोपी. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. टक लावून बघताना ते निम्म्यावर येतं, आणि किपर तर बॉलर धावायला लागल्यापासून पापणी मिटायलाच विसरतो. त्यात फेब्रुवारीचा वारा. डोळ्यात टाकायचे थेंब आणले, लेन्सवर चालणारे, प्रत्येक ड्रिंक्सला टाकले. डोळ्याला गार वाटलं. धूसर तसंच राहिलं.

इथं एक साधी परीक्षा आहे, ती मला फार उशिरा कळली. धूसर दिसत असताना जोरात एकदा पापणी मिटा आणि लगेच काय होतं ते बघा. पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर झालं, तर लेन्सचा पृष्ठभाग सुकतोय किंवा लेन्स डोळ्याला घट्ट बसतेय. पापणी मिटल्यावरच उलट अंधुक होऊन मग हळूहळू स्थिर झालं, तर लेन्स ढिली, जागेवर राहत नाही. आणि पापणी मिटून काहीच फरक पडला नाही, तर लेन्सच्या पृष्ठभागाचा नाद सोडा, गडबड दुसरीकडे आहे.

मी केली तेव्हा उत्तर विचित्र आलं. कधी पडायचा फरक, कधी नाही. वैतागलो. नंतर कळलं की उत्तर विचित्र नव्हतं. माझ्याकडे एका तक्रारीच्या पोटात दोन तक्रारी होत्या.

पहिली सापडली ती सनस्क्रीनमुळे. मी घरातून निघताना लेन्स लावायचो, मैदानावर कपाळाला सनस्क्रीन फासायचो आणि त्याच हातानं हेल्मेट सारखं करत डोळ्याचा कोपरा पुसायचो. घाम सुटला की ते पांढरं पाणी भुवईवरून ओघळून डोळ्यात. झोंबायचं, आणि लेन्सवर तेलकट थर बसायचा. उजवा डोळा जास्त, कारण उजवी बाही. हे धूसर पापणी मिटल्यावर थोडं हलायचं. इलाज असा केला: साध्या साबणानं हात धुऊन लेन्स आधी लावायच्या, मग हाताच्या पालथ्या बाजूनं सनस्क्रीन, तेही भुवईच्या वर थांबवून, आणि डोक्याला घाम धरणारी पट्टी. मॉइश्चरायझरवाल्या मऊ साबणानं हात धुऊ नका, त्याचाही थर लेन्सवर जातो.

हळदीचंही इथंच सांगतो, कारण सांगलीबाहेर कुणी सांगणार नाही. फेब्रुवारीपासून यार्डात नवी हळद येते आणि आमच्या बोटांच्या रेघांत ती मे महिन्यापर्यंत राहते. मऊ लेन्स पाणी धरते तसा रंगही धरते. डोळे तपासताना डॉक्टर फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग टाकतात, त्याआधी मऊ लेन्स काढायला लावतात ते याचसाठी. माझी एक जोडी डबीतच कडेनं पिवळी पडली होती. दृष्टीत फरक नव्हता, पण बोटावरची हळद डोळ्यात गेली तर डोळा काय करतो हे सांगायची गरज नाही. सीझनमध्ये मी लेन्स लावण्याआधी हात दोनदा धुतो आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसतो. गुऱ्हाळांच्या भागात खेळणाऱ्यांनी उसाच्या पाचटाची काळी राख लक्षात ठेवावी. ती डोळ्यात गेली तर लेन्स काढून सोल्युशननं चोळून धुवायची, नाहीतर बदलायची. नळाच्या पाण्यानं कधीच नाही. पाण्यातला अकँथामीबा नावाचा जीव लेन्सखाली अडकला तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला असं जखडतो की महिनोन् महिने औषध चालतं. पटकन नदीत उडी मारून येणाऱ्यांसाठीही हेच: कृष्णेत पोहायचं तर लेन्स घरी.

हे सगळं सुधारल्यावर झोंबणं थांबलं. पण धूसर? ते अजून चारला येतच होतं. आता मात्र ते निखळ होतं, पापणी मिटून जराही न हलणारं. म्हणजे दुसरी तक्रार उघडी पडली.

तेव्हा मी एकच शहाणपणाचं काम केलं. वही केली. तारीख, लेन्स किती वाजता लावली, धूसर किती वाजता सुरू झालं, ऊन होतं का ढग. एका रविवारी मुद्दाम पहिले दोन तास चष्म्यावर किपिंग केलं आणि लेन्स दुपारी तीनला लावली. लेन्स जुनी झाल्यानं, सुकल्यानं त्रास होत असेल तर तो आता सहाला यायला हवा. आला बरोबर चारला. पुढच्या रविवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. त्या दिवशी धूसर सकाळी दहालाच हजर. तिथं माझी ट्यूब पेटली. लेन्सला वेळ कळत नव्हती, उजेड कळत होता.

मिरजेला डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्या एका ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमना वही दाखवली. त्यांनी वही वाचून कपाटातून एक काळा पुठ्ठा काढला, मधोमध सुईच्या जाडीचं छिद्र असलेला. खोलीतला दिवा मंद केला, माझी अंबर लेन्स डोळ्यात तशीच ठेवली, डावा डोळा झाकला. समोरच्या तक्त्याच्या खालच्या दोन ओळी उजव्या डोळ्याला लागत नव्हत्या. "आता या छिद्रातून वाचा." वाचल्या की हो मी.

"नंबरच चुकलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "चष्म्याचा कागद आणलाय का?"

कागद खिशातच होता. उजवा डोळा: गोल नंबर उणे २.७५, सिलिंडर (म्हणजे डोळा सगळ्या दिशांना सारखा गोल नसल्यानं लागणारा वेगळा नंबर) उणे १.००. डावा: उणे ३.००, सिलिंडर जवळजवळ नाही. आणि लेन्सच्या बाटलीवर उजव्यासाठी? उणे ३.२५, सिलिंडरचा पत्ता नाही. रंगवायला घेतलेल्या लेन्स सिलिंडरच्या मिळत नव्हत्या, म्हणून दुकानात सिलिंडरचा अर्धा आकडा गोल नंबरात मिळवून काम भागवलं होतं. ही पद्धत सर्रास वापरली जाते, आणि सिलिंडर पाव-अर्धा असला तर चालूनही जाते. एकला चालत नाही. निदान ताशी शंभर किलोमीटरनं येणारा बॉल पकडणाऱ्याला चालत नाही. मला तसं दुकानात कुणी सांगितलं नाही. पण मीही विचारलं नव्हतं; माझं सगळं लक्ष रंगाकडे.

मग दुपारी दोनला का दिसायचं? बाहुलीमुळे. कडक उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते. त्या बारीक भोकातून आत जाणाऱ्या किरणांना सिलिंडरची चूक फारशी जाणवत नाही. पुठ्ठ्याच्या छिद्राचं काम बाहुलीच करत असते. ऊन उतरलं की बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते आणि झाकलेली चूक बाहेर येते. त्यात अंबर लेन्स उजेड आणखी गाळणार, म्हणजे माझ्या डोळ्याची संध्याकाळ चारलाच व्हायची. आणि सोमवारी लख्ख दिसायचं ते डोळ्याला विश्रांती मिळाली म्हणून नव्हे, चष्म्यात सिलिंडर होता म्हणून. सोमवारच्या या गोष्टीनं मला तीन महिने चकवलं.

पुठ्ठ्याची परीक्षा घरी करता येते. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला सुईनं एक छिद्र पाडा, मैदानावर बॅगेत ठेवा. धूसर सुरू झालं की एक डोळा झाकून छिद्रातून स्कोअरबोर्ड बघा. स्वच्छ दिसला तर नंबरची भानगड. स्वच्छ दिसला नाही तर लेन्स मळलीय किंवा डोळ्यातच काही आहे, आणि ते डॉक्टरांनी बघायचं.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. सिलिंडरच्या लेन्सला टोरिक म्हणतात. रंगीत टोरिक करून यायला वेळ लागणार होता आणि पुढच्याच रविवारी मॅच. मी डोकं चालवलं: उजव्या डोळ्यात साधी, बिनरंगाची टोरिक, डाव्यात जुनी अंबर. दोन्हीचा नंबर बरोबर, मग अडचण काय? तक्त्यावर दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. मैदानात पहिल्याच ओव्हरला लेग साइडला जाणारा बॉल ग्लोव्हजच्या पुढून निघून गेला. मग दोन कॅच. हात बरोबर जागी जात होते, बॉल तिथं नसायचा.

याला पुल्फ्रिश परिणाम म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिशनं १९२२ मध्ये तो मांडला. गंमत म्हणजे त्याला स्वतःला एकाच डोळ्यानं दिसत होतं, त्यामुळे तो परिणाम त्याला कधी अनुभवताच आला नाही. ज्या डोळ्याला उजेड कमी मिळतो त्याची खबर मेंदूला किंचित उशिरा पोचते. स्थिर वस्तूला फरक पडत नाही, म्हणून तक्ता झकास वाचता येतो. पण आडवी सरकणारी वस्तू दोन डोळ्यांना दोन वेगळ्या जागी दिसते आणि मेंदू त्याचा अर्थ 'जवळ' किंवा 'लांब' असा लावतो. खात्री करायची तर दोऱ्याला किल्ली बांधा, कुणालातरी डावी-उजवीकडे सरळ झुलवायला सांगा आणि गॉगलची एकच काच एका डोळ्यासमोर धरून दोन्ही डोळ्यांनी बघा. सरळ झुलणारी किल्ली लंबगोल फिरताना दिसते. माझ्या मुलानं ही जादू म्हणून शाळेत खपवली.

रंगांधळेपणासाठी एकाच डोळ्यात लाल लेन्स लावायची एक जुनी पद्धत आहे. फळं निवडायला, कपडे जुळवायला ठीक असेल. बॉलचा खेळ खेळणाऱ्यांनी मात्र हा परिणाम आधी डोक्यात घ्यावा.

दोन डोळ्यांत दोन तऱ्हा झाल्या की काय होतं याची मोठी गोष्ट टायगर पतौडींची. १९६१ मध्ये इंग्लंडात मोटारीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. काही महिन्यांत ते त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स लावून एमसीसीविरुद्ध, म्हणजे इंग्लंडच्या दौऱ्यावरच्या संघाविरुद्ध, हैदराबादला खेळायला उतरले, तर दोन बॉल दिसायला लागले. शेवटी लेन्स काढली, तो डोळा मिटून घेतला आणि एका डोळ्यानं खेळून सत्तर पूर्ण केले. माझं कारण वेगळं आणि माझी बॅटिंग तर विचारूच नका, पण त्या रविवारी रात्री हीच गोष्ट आठवून झोप लागली.

साताऱ्याच्या माझ्या मावसभावाची तक्रार थोडी वेगळी. तो पळणारा; यवतेश्वरचा घाट त्याचा रोजचा. हिल मॅरेथॉनच्या तयारीत पावसाळ्यात घाटात धुकं असतं म्हणून त्यानंही अंबर मागवल्या, कारण पिवळा रंग धुकं कापतो असं कुणीतरी सांगितलं. कापत नाही. धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणूनच धुकं पांढरं दिसतं. निळा गाळून तिथं काही हाती लागत नाही, फक्त अंधार वाढतो. त्याला म्हटलं, दादा, पावसाळ्यात साध्या लेन्स लाव, रोज वापरून फेकायच्या, आणि टोपीचा पुढा लांब घे. नोव्हेंबरनंतर कासच्या रस्त्यावर ऊन लागलं की राखाडी-हिरव्या काढ. उतरताना पायाखालचा दगड खरा कोणत्या रंगाचा आहे हे त्यात तरी कळतं. पावसात भिजल्यावर लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी वाटली तर ओढून काढायची नाही; गोड्या पाण्यानं ती घट्ट होते. लेन्सवर चालणारे थेंब टाकून वीसेक मिनिटं थांबायचं, हलायला लागली की काढायची.

माझ्या रंगीत टोरिक शेवटी आल्या. पहिल्या दिवशी मॅडमनी यंत्राखाली बघितलं. माझ्या लेन्सवर घड्याळातल्या सहाच्या जागी एक बारीक खूण असते. ती फिरली की सिलिंडरचा कोन फिरतो आणि पुन्हा धूसर. माझी जागेवर बसली. पण उठाबशा, डाइव्ह, हेल्मेटचा धक्का यात ती अधूनमधून फिरते आणि दोन-चार वेळा पापणी मिटल्यावर परत येते. तेवढं मी सोसतो.

रंगीत लेन्स आता दुपारच्या पहिल्या डावालाच. चहाला काढून साध्या टोरिक घालतो, कारण घरी जाताना अंधारात मिरज रोडला अंबर लेन्स लावून गाडी चालवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. काढलेल्या लेन्स ताज्या सोल्युशनमध्ये, कालच्यात भर घालून नाही, आणि डबी दर तीन महिन्यांनी नवी.

राहिलं एक. बॅटिंगला साध्या लेन्सवर अंबर गॉगल लावून बघितला, पैसे वाचतील म्हणून. दिसतं उत्तम. पण हेल्मेटच्या जाळीआड पाचव्या ओव्हरला काचेवर वाफ धरते आणि अंपायर प्रत्येक वेळी पुसायला थांबू देत नाहीत. त्यावर कुणाला उपाय सापडला असेल तर सांगा, साबणाचा पातळ हात फिरवायचा सोडून. तो करून झालाय, घामाबरोबर डोळ्यातच येतो.